घराला कुलूप, माशांवर नजर

मे महिना लागला की बेळगाव-निपाणीकडच्या घरांत दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात. मुलांना सुट्टी पडल्यामुळे गावाला जायची तयारी, आणि वळीव. दुपारी तीनपर्यंत अंगाची काहिली होते, चारच्या सुमाराला आभाळ काळवंडतं, धुळीचा लोट उठतो, कधी गारा पडतात, कुठेतरी फांदी तारेवर येते आणि वीज जाते. ज्यांच्या घरी फिशटँक आहे ते नेमके याच दिवसांत विचारतात, ‘‘आम्ही आठ दिवस पुण्याला चाललोय. टाकी फोनवर दिसेल असं काही बसवता येतं का?’’

येतं. त्याला फार खर्चही येत नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. फोनवर दिसलं की हवेचा पंप बंद पडलाय, तर पुढे काय? पुण्याहून निपाणीला यायला पाच-सहा तास लागतात. मासे तेवढे थांबतील का? म्हणून उपकरणांची गोष्ट थोडी मागे ठेवू आणि आधी टाकीकडे किती तास असतात ते पाहू.

१. टाकीत शिल्लक किती?

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. हा ऑक्सिजन मुख्यतः पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून आत येतो. पंपाचे बुडबुडे हवा ‘भरतात’ असं आपल्याला वाटतं, पण त्यांचं मोठं काम ढवळण्याचं आहे. खालचं पाणी वर आणायचं, त्याला हवा लागू द्यायची. चहा निववताना आपण तो कपातून बशीत ओततो, म्हणजे हवेला जास्त जागा मिळते. इथेही तसंच. पंप थांबला की पाणी स्तब्ध होतं आणि वरचा थर सोडून खालच्या पाण्याला नवा ऑक्सिजन फार सावकाश मिळतो.

आता दोन अडचणी. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. दुसरी अडचण आपल्या भागाची. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीमुळेच त्याला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणतात, पण त्याच उंचीमुळे हवेचा दाब पणजीपेक्षा शेकडा आठ-नऊने कमी असतो आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. निपाणी थोडी खाली आहे, तिथे ही घट जरा कमी.

हिशेब करून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे दोन घनफूट, सुमारे ५६ लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी कड वजा केली की पाणी उरतं ४५ लिटर. पाणी २६ अंशांचं असेल तर बेळगावात लिटरमागे अंदाजे ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन. तो ३ च्या खाली गेला की बहुतेक मासे संकटात येतात. म्हणजे खर्चायला मिळतात लिटरमागे ४.४, आणि ४५ लिटरांत मिळून जवळजवळ २०० मिलिग्रॅम. ही टाकीची शिल्लक.

खर्च किती? ढोबळ हिशेबासाठी धरू की एक ग्रॅम वजनाचा मासा तासाला पाव मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतो. अर्ध्या ग्रॅमच्या वीस गप्पी असतील तर एकूण वजन दहा ग्रॅम आणि तासाचा खर्च अडीच मिलिग्रॅम. शिल्लक ८० तास पुरेल. त्याच टाकीत प्रत्येकी ४० ग्रॅमचे सहा गोल्डफिश असतील तर वजन २४० ग्रॅम, खर्च तासाला ६० मिलिग्रॅम. शिल्लक सव्वातीन तासांत संपली.

हे आकडे तंतोतंत खरे ठरणार नाहीत. खडीतले जिवाणूही ऑक्सिजन घेतात, रात्री पाणवनस्पतीही घेतात, आणि पृष्ठभागातून थोडा मिळतही राहतो. पण तीन तास आणि तीन दिवस यांतला फरक खोटा नाही. फोनवरची कुठलीही सोय निवडण्याआधी हा हिशेब स्वतःच्या टाकीसाठी कागदावर मांडावा. गप्पींच्या घराला पंप बंद पडल्याची बातमी उद्या कळली तरी चालेल. गोल्डफिशच्या घराला पुण्यात बसून ती पाच मिनिटांत कळली, तरी घराजवळ कुणी नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

माझा आग्रह असा, की गावाला जाण्याआधी उपकरणांवर पैसे घालण्यापेक्षा मासे कमी असणं जास्त मोलाचं आहे. दाटीच्या टाकीला कितीही चांगला कॅमेरा लावला तरी तिच्याकडचे तास वाढत नाहीत.

२. ऊब, आणि अडकलेला हीटर

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा चांगलाच असतो. उष्ण प्रदेशातल्या माशांना साधारण २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं, म्हणून थंडीत हीटर लागतो. वीज गेली तर हीटर बंद पडेल ही भीती सगळ्यांना असते. ती खरी आहे, पण पाणी ऊब सावकाश सोडतं. ४५ लिटर पाणी एकाएकी गार होत नाही.

खरा धोका उलटा आहे. हीटरमधला आपोआप बंद होणारा स्विच कधीकधी चिकटतो आणि हीटर चालूच राहतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे ४५ लिटरांना १८९. शंभर वॅटचा हीटर सेकंदाला शंभर ज्यूल देतो. भागाकार केला की अर्ध्या तासाला एक अंश असं उत्तर येतं. काही ऊब हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वेग याहून कमी. तरी रात्री अकराला अडकलेला हीटर सकाळपर्यंत पाणी माशांना सोसणार नाही इतकं तापवू शकतो, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी. म्हणून टाकीच्या मानाने फार मोठा हीटर घेऊ नये. लिटरमागे एक वॅट हा नेहमीचा अंदाज, आणि ४५ लिटरांना ५० वॅट पुरतो. तो अडकला तरी पाणी निम्म्या वेगानं तापेल आणि आपल्याला दुप्पट वेळ मिळेल.

३. बातमीचा प्रवास

आता उपकरणांकडे येऊ. टाकीतलं तापमान पुण्यातल्या फोनवर दिसतं म्हणजे नक्की काय होतं? पाण्यात सोडलेली एक छोटी स्टीलची कांडी तापमान मोजते. तिची तार एका चिपला जोडलेली असते. ही चिप घरच्या वायफायवरून आकडा राउटरला देते, राउटर तो इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकाला देतो, आणि तिथून तो तुमच्या फोनवर येतो. कांडी, चिप, राउटर, बाहेरची तार, दूरचा संगणक, फोन अशी ही साखळी.

तयार यंत्र घेतलं तरी आत हेच असतं. हौशी लोक स्वतः बनवतात तेव्हा बहुधा डीएस१८बी२० नावाची कांडी आणि ईएसपी३२ नावाची चिप वापरतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, त्यामुळे ओळखीपाळखीत इंजिनिअरिंगचं एखादं मूल असतंच आणि त्याला एका रविवारी हे जोडता येतं. त्या कांडीची एक खूण लक्षात ठेवावी. फोनवर कधी उणे १२७ अंश दिसले तर पाणी गोठलेलं नाही, कांडीची तार निसटलेली आहे. अचानक ८५ दिसले तर पाणी उकळायला लागलेलं नाही, कांडी नुकतीच सुरू होऊन अजून मोजायची आहे. हे ठाऊक नसलेला माणूस रात्री दोन वाजता सगळ्या गल्लीला उठवतो.

निपाणीतल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती उन्हाळ्यात सुखाच्या, पण वायफाय त्यांच्यातून नीट जात नाही. टाकी आणि राउटर एकाच खोलीत आणले की निम्म्या तक्रारी संपतात.

आता या साखळीकडे पुन्हा बघा. चिपला वीज लागते, राउटरलाही लागते. वळवात वीज गेली की पंप थांबतो आणि त्याच क्षणी पंप थांबल्याची बातमी देणारी यंत्रंही गप्प होतात. चोरानं पहिल्यांदा राखणदाराचंच तोंड बांधावं, तशी ही गत.

४. हजेरी

आमच्या घरी हे शिकायला दोन गोल्डफिश गमवावे लागले. पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी फोनवर टाकीच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ असं आलं. इंटरनेट गेलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. सकाळी पाहिलं तर आकडे पुन्हा सुरू झालेले, तापमान २७, सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा टाकीत बुडबुडे नव्हते आणि दोन मासे वर तरंगत होते. वीज रात्रीच परत आली होती, पण पंप ज्या ‘स्मार्ट’, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगवर होता तो वीज आल्यावर आपण होऊन सुरू झालाच नव्हता. त्या प्लगमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक निवड असते आणि ती मी ‘बंद’वर राहू दिली होती. घरातल्या लहानग्यानं त्या माशांना नावं दिली होती. त्याला काय सांगायचं हे मला बराच वेळ सुचलं नाही.

चूक प्लगची निवड न तपासण्याची होती, पण त्याहून मोठी चूक ‘ऑफलाइन’ या शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची. शाळेत गुरुजी हजेरी घेतात तेव्हा गैरहजर मूल उठून ‘मी गैरहजर’ असं सांगत नाही. त्याच्या नावापुढे उत्तर येत नाही, हीच खूण. टाकीचं तसंच करायचं. ‘काही बिघडलं तर कळव’ असं यंत्राला सांगण्याऐवजी ‘दर दहा मिनिटांनी हजर म्हण’ असं सांगायचं, आणि दूरच्या संगणकाला सांगायचं की सलग तीन हजेऱ्या चुकल्या तर फोन वाजव. ही सोय पुष्कळ ॲपमध्ये असते. एखाद्यात ती नसेल तर ते ॲप या कामाचं नाही.

तीन हजेऱ्याच का? एकदोन हजेऱ्या अशाच चुकतात. प्रत्येकीला फोन वाजला तर दुसऱ्या दिवसापासून आपण तो बघणं बंद करतो, आणि मग यंत्र असून नसल्यासारखं. तापमानाचंही तेच. मर्यादा २४ ते २९ ठेवावी आणि सलग पंधरा मिनिटं ती ओलांडली तरच इशारा यावा.

वीज गेल्यावरही हजेरी चालू राहावी म्हणून राउटरला छोटा बॅटरीचा डबा मिळतो, त्यावर तो दोन-चार तास चालतो. घरात इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. नेहमीची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, आणि त्यातले निम्मे वापरायचे धरले तर ९००. हवेचा पंप ५ वॅट, राउटर १०, आणि खुद्द इन्व्हर्टर स्वतःसाठी २० घेतो असं धरलं तर एकूण ३५. म्हणजे पंचवीस तास, जवळजवळ एक अख्खा दिवस. अट एकच. जाताना घरातले पंखे, दिवे, फ्रिज सगळं बंद करून इन्व्हर्टर फक्त पंप, राउटर आणि चिप यांच्यासाठी ठेवायचा. हीटर मात्र त्यावर टाकू नये, तो बॅटरी खाऊन टाकतो आणि पंपही थांबतो.

५. काय मोजावं, काय सोडावं

तापमान मोजावं. कांडी स्वस्त आहे आणि सहसा फसवत नाही. वीज मोजावी. किती वॅट जाताहेत हे दाखवणारा प्लग हीटरला लावला की तो अडकल्याचं लगेच कळतं, आणि पुण्यातून तो बंदही करता येतो. पाण्याची पातळी तरंगत्या स्विचने कळते.

पाण्याचा आम्लपणा मोजणारी काचेची कांडी मात्र प्रवासासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिला वरचेवर ठरावीक द्रावणात बुडवून जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर आकडा हळूहळू सरकतो आणि घाबरवतो. अमोनियाचं काय, असं जाणकार विचारतील. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणूही ऑक्सिजनवर जगतात, म्हणून फिल्टर तासन् तास बंद राहिला की तेही मरतात. पण घरगुती टाकीत अमोनियावर भरवशाने चोवीस तास नजर ठेवील असं यंत्र स्वस्तात मिळत नाही. त्यापेक्षा तो वाढूच नये असं करावं. त्याचा मार्ग खाद्यातून जातो आणि तो पुढे येतोच.

पैसे न लागणारी एक गोष्ट तपासावी. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं ओढलं जातं आणि जमिनीवर, कधी थेट स्विचबोर्डापर्यंत येतं. पंप टाकीच्या वर फळीवर ठेवावा, किंवा नळीत उलटा प्रवाह अडवणारी छोटी झडप बसवावी.

६. कॅमेरा

इंटरनेटवर थेट चित्र दाखवणारे जगातले सुरुवातीचे कॅमेरे कशावर रोखलेले होते? पहिला केंब्रिज विद्यापीठात, कॉफीच्या भांड्यावर; तो लागला १९९१ साली आणि इंटरनेटवर आला १९९३ मध्ये. कॉफी संपली की उरली ते जागेवरूनच कळावं म्हणून. त्यानंतर थोड्याच काळात, १९९४ मध्ये, अमेरिकेत नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी कॅमेरा लावला तो फिशटँकवर. आज कितीतरी संकेतस्थळं ज्या ‘कुकी’ची परवानगी मागतात ती शोधून काढणारे तेच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, म्हणजे त्याआधीच मासे तिथे पोहत होते. दूरवरून आपली टाकी बघावी ही ओढ काही आजची नाही.

आपण मात्र कॅमेरा नुसत्या माशांवर रोखू नये. एका चौकटीत चार गोष्टी याव्यात. काचेला चिकटवलेला तापमापक, बुडबुड्यांची रेघ, पाण्याच्या पातळीशी लावलेली लाल चिकटपट्टी, आणि पाण्याचा वरचा पृष्ठभाग. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ऑक्सिजन कमी पडतोय, दुसऱ्या कुठल्या आकड्याची वाट बघू नये. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी बघावं.

७. शेजारच्या अक्का

बातमी कळली तरी पंपाचं बटण दाबायला हात लागतो. आमच्यासाठी तो हात शेजारच्या अक्कांचा. त्यांची घरची भाषा कानडी, आमच्याशी बोलणं मराठीत. किल्ली त्यांच्याकडे असते. फोनवर संभाषण एवढंच.

‘‘अक्का, जरा बघता काय, पाण्यात बुडबुडे आहेत?’’

‘‘येत्यात की. बारीक बारीक येत्यात.’’

स्विचबोर्डावर मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. पंपाला हिरवी, हीटरला लाल. ‘हिरवं चालू, लाल बंद’ हे फोनवर कुठल्याही भाषेत सांगता येतं. वीज फार वेळ आली नाही तर काय करायचं तेही त्यांना करून दाखवलंय. टाकीतलंच पाणी तांब्यानं घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं, दहा मिनिटं. बशीतल्या चहाचीच युक्ती.

खाद्याचं मात्र शेजाऱ्यांवर सोपवू नये, कारण माया असलेला माणूस जास्तच घालतो. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. न खाल्लेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, आणि सुट्टीत दगावणाऱ्या माशांपैकी बरेच उपासानं नव्हे तर या जास्तीच्या मायेनं दगावतात. आठ दिवसांहून जास्त जायचं असेल तर एका वेळेच्या खाद्याची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून, वार लिहून ठेवाव्यात. बाकीचा डबा कपाटात बंद.

निपाणीसाठी एक खास गोष्ट. इथे तंबाखू घराघरांतून, वखारीतून, हातावरून फिरतो. तंबाखूतलं निकोटिन माशांना फार विषारी आहे. काही देशांत तळ्यातले नको असलेले मासे आणि गोगलगाई मारायला तंबाखूची भुकटीच वापरतात. टाकीत हात घालण्याआधी तो साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून घ्यायचा, हे मी प्रत्येकाला सांगतो. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. म्हणून घर बंद करताना झुरळांसाठी फवारा मारून जाण्याची सवय टाकीच्या खोलीत सोडावी. डासांच्या आणि झुरळांच्या बहुतेक फवाऱ्यांतली औषधं माशांना माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतात.

८. रंगीत तालीम

निघायच्या आधीच्या रविवारी हे करावं. सगळं जोडून झालं की काही न सांगता घराचा मुख्य स्विच बंद करायचा, घड्याळ बघायचं आणि गल्लीत जाऊन उभं राहायचं. फोनचं वायफाय बंद ठेवायचं, म्हणजे आपण खरोखर परगावी असल्यासारखं होतं.

आम्ही केलं तेव्हा स्विच दहा वाजून पाच मिनिटांनी बंद केला. इन्व्हर्टर चालू होता, म्हणून राउटर, चिप आणि पंप चालूच राहिले, फोन वाजला नाही. ते बरोबरच होतं. मग इन्व्हर्टरही बंद केला. दहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी फोन वाजला. तीन हजेऱ्या चुकल्या होत्या. अक्कांना फोन लावला, त्या वाणसामान आणायला गेल्या होत्या, परत येऊन कुलूप उघडेपर्यंत अकरा वाजून वीस मिनिटं झाली. तोपर्यंत मी वीज पुन्हा सुरू केली होती, पण हिरव्या पट्टीचं बटण मुद्दाम बंद ठेवलं होतं. त्यांनी ते दाबलं. अकरा वाजून बावीस मिनिटांनी कॅमेऱ्यात बुडबुडे दिसले.

इन्व्हर्टर बंद केल्यापासून साधारण तासाभरात. आमच्या उरलेल्या चार गोल्डफिशांची शिल्लक कागदावर पाच तासांची होती. अक्कांच्या घरी कुणी नसेल त्या दिवसासाठी दुसरी किल्ली कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ठेवली, आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालो.